तीन आठवड्यांसाठी

एर्लेंड, किल्ली दारातल्या दगडाखाली आहे.
अख्ख्या बेटाला ठाऊक आहे, म्हणून लपवली म्हणता येणार नाही.
मी गुडघा बदलून घ्यायला अबर्डीनला चालले.
फेरी यायची आहे, तोवर लिहून ठेवते.

मशीन मागच्या शेडमध्ये, खिळ्याला.
टक्… टक्… ऐकू आलं की समजायचं
कुंपण जागं आहे.
तुझ्या आधी ते फिनी ऐकते.
फिनी म्हणजे ती काळी, पिंपासारखी,
डोळे कुठेत ते आयाळीत शोधावे लागतात ती.
बॅटरी उतरली की तिला कळतं.
कसं, ते मला एकतीस वर्षांत कळलेलं नाही.
नाकावरच्या मिशा ती तारेच्या बोटभर अलीकडे आणते
आणि थांबते,
दुकानात उधारी मागायला आलेल्या माणसासारखी.
मग एकतर मागे सरते,
नाहीतर तू तिला जेमिनाच्या कोबीत शोध.

तपासायचं यंत्र ड्रॉवरमध्ये आहे. माझा त्याच्यावर विश्वास नाही.
गवताचं लांब, ओलं पातं घे, टोक तारेवर टेकव,
आणि हळूहळू पुढे सरकव.
हात तारेच्या जवळ येईल तसं
बोटांत कुणीतरी दार ठोठावू लागेल.
तेवढं पुरे.
लॉरी थेट हात लावायचा
आणि जेवणापर्यंत शिव्या देत फिरायचा.

नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस लागला
की इन्सुलेटरवर मीठ चढतं.
जूनमध्ये अंधार कुठला, ठिणगी दिसायची नाही.
कान दे. तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखी तडतड.
बादलीभर गोडं पाणी आणि जुना ब्रश.
आणि आठवडाभर ऊन पडलं
(पडत नाही, पण पडलं तर)
भांडी धुतलेलं पाणी जमिनीतल्या दांडीवर ओत.
कोरड्या मातीतून वीज घरी परत येत नाही.

आता महत्त्वाचं.
मधला पट्टा रोज एक पाऊल पुढे सरकवायचा.
एकच.
तुझं पाऊल नाही, माझं,
आणि माझा गुडघा कसा आहे ते तू पाहिलंयस.
फिनी रडवेली होऊन बघेल. बघू दे.
लॉरी गेला त्या वसंतात
मला कुणालाच काही नाकारवेना.
सगळ्या तारा गुंडाळल्या, सगळं रान मोकळं केलं.
सिग्गा पोट भरून जेवली, महिनाभर.
मग एका सकाळी उभी होती टाचांवर भार टाकून,
घट्ट बूट घातलेल्या बाईसारखी.
खुरांना हात लावला, चुलीसारखे तापलेले.
डॉक्टर दुसऱ्या फेरीने आला.
त्याला फार वेळ लागला नाही.

म्हणून, एक पाऊल.

हेक्टरचं उलटं आहे.
एवढा थोरला घोडा, पण एकदाच चटका बसला होता, लहानपणी.
मागच्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात तार होती ना,
ती काढून वर्ष झालं,
तो अजून तिथेच थांबतो.
पलीकडे गवत गुडघाभर.
त्याच्याशी बोलत बोलत, मानेवर हात ठेवून
नसलेल्या तारेपलीकडे न्यावं लागतं.
रोज. ओढू नकोस.
आधी तू ओलांड, त्याला दिसेल असं.

झालं बहुतेक.
दुसरी बॅटरी चार्जिंगला लावली आहे.
लोणी संपव, मी येईपर्यंत टिकायचं नाही.

दवाखान्यात फोन करशील तेव्हा
कशी आहेस वगैरे विचारू नकोस,
ते नर्सबाई विचारतीलच दर तासाला.
फोन घेऊन शेडमध्ये जा,
मशीनजवळ धर, आणि गप्प राहा.
मी ऐकून ठेवून देईन.

फेरी दिसायला लागली.
जेमिनाला कोबीचं आधीच सांगून ठेवलंय.
ती रागावलीच आहे, फिनी अजून गेलेली नसताना.

ऑस्ला